श्रीमती फेरविचार याचिका यांस

मुक्काम सर्वोच्च न्यायालय, टिळक मार्ग, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुम्हाला चार शब्द सुनावावेत असं बरेच दिवस मनात आहे. इकडे सर्व ठीक. आमच्या बाररूमचा पंखा तसाच खडखडतो आणि शिक्षा झालेल्या पोराचा बाप अजूनही विचारतो, "साहेब, आता वरती काय?" मी तुमचं नाव सांगतो, सांगताना आवाज जरा खाली येतो, एवढंच.

कोर्टाला आपलाच निकाल पुन्हा पाहता यावा म्हणून घटनेच्या अनुच्छेद १३७ ने तुम्हाला जागा दिली. हेतू थोर, पण तुमची वागणूक? ज्यांनी शिक्षा कायम केली, शक्यतो त्यांच्याच पुढ्यात तुम्ही जाता, तेही बंद दालनात, नुसत्या कागदांच्या रूपात. युक्तिवाद नाहीच. 'उघड दिसणारी चूक नाही' एवढ्यावर बहुतेकदा तुमची बोळवण होते. अहो, सातबारा दुरुस्तीला नकार देताना तलाठीसुद्धा मान वर करून बघतो!

नाशिकचं प्रकरण विसरलात, तरी मी विसरू देणार नाही. २००३ चा दरोडा, खून, बलात्कार. आरोपी भटक्या जमातींतले सहा गरीब मजूर. सत्र न्यायालयाने साहींना फाशी दिली, उच्च न्यायालयाने त्यातल्या तिघांची जन्मठेप केली, २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा साहींना फाशी दिली. २०१० मध्ये तुम्ही गेलात आणि हात हलवत परत आलात. त्यांच्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हेसुद्धा त्यानंतर ठरलं.

मग २०१४ मध्ये लाल किल्ला हल्ल्यातल्या आरोपीच्या याचिकेवर घटनापीठाने बहुमताने सांगितलं की फाशीच्या प्रकरणात तुमची सुनावणी खुल्या कोर्टात, तीन न्यायमूर्तींपुढे, फार तर अर्धा तास व्हावी. त्या अर्ध्या तासाच्या जोरावर नाशिकचं प्रकरण पुन्हा उघडलं. २०१८ मध्ये जुना निकाल मागे घेतला गेला, मार्च २०१९ मध्ये सहाही निर्दोष सुटले. दरोड्यातून वाचलेल्या बाईने पोलिसांकडच्या फोटोंत वेगळेच चौघे ओळखले होते; त्यांचा धड तपासच झाला नव्हता. प्रत्येकी ५ लाख भरपाई आणि मागे सोळा वर्षं.

त्याबद्दल तुमचे उपकार मनापासून मानतो. पण बाई, साहींना नुसती जन्मठेप झाली असती तर? अर्धा तास मिळाला नसता. पुरावा तितकाच पोकळ, माणसं तीच, आणि तुम्ही बंद दालनातून मुकाट परत. फाशी झाली म्हणून सुटले, असं आता मी अशिलाला कोणत्या तोंडाने सांगू?

म्हणून विनंती: जन्मठेपेच्या कैद्यालाही दहा मिनिटं बोलू द्या. कोर्टाला वेळ नाही, हे ठाऊक आहे. पण सुनावणी म्हणजे सुटका नव्हे. लाल किल्ल्याच्या ज्या आरोपीमुळे ही सोय झाली, त्याचीच याचिका २०२२ मध्ये खुल्या सुनावणीनंतर फेटाळली गेली. फेटाळायचं असेल तर तसं फेटाळा, ऐकून. आणि राहता कोणत्या रस्त्यावर! १९०८ च्या शिक्षेविरुद्ध टिळकांनाही प्रिव्ही कौन्सिलने दारातूनच परत पाठवलं होतं.

धाकट्या बहिणीला, तुमच्यानंतर उरणाऱ्या क्युरेटिव्ह याचिकेला, नमस्कार सांगा. २००२ पासून तीही तिथेच असते, पण तिच्याकडे जायला ज्येष्ठ वकिलाचा दाखला लागतो. म्हणून निरोप तुमच्या हाती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
फौजदारी बाजूचा एक जुना वकील