जबाब लिहून घेण्याचे दिवस

५ जानेवारी
संध्याकाळी जिल्हा परिषदेच्या शाळेत उतरलो. मुलं ट्रॅक्टरने आली, काही सायकलने. एका वर्गात मुली, दुसऱ्यात मुलं, ओट्यावर स्वयंपाक. आमचं कनिष्ठ महाविद्यालय खासगी संस्थेचं आणि लहान. राष्ट्रीय सेवा योजनेची (रासेयो) तुकडीही लहानच. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातलं हे आमचं दत्तक गाव. त्याचं नाव वहीत लिहीत नाही, कारण गावाचा एक दावा अजून समित्यांपुढे जायचा आहे.

मोठ्या शहरातल्या कॉलेजची पोरं शिबिरात खेडं पाहायला येतात. आमच्या मुलांनी खेड्याबाहेर फारसं काही पाहिलेलंच नाही. त्यातल्या निम्म्यांनी परवापर्यंत घरच्या धानाची मळणी केली आहे. त्यांच्या हाती फावडं देऊन त्यांना श्रमाची ओळख करून देतो म्हणणं मला पटत नाही. मग त्यांनी इथे काय द्यायचं, याचं उत्तर मला या आठवड्यात हवं आहे.

अंधार पडल्यावर कुणीही एकट्याने बाहेर जायचं नाही, हा पहिला नियम सांगितला. शेजारच्या जंगलात वाघाचा वावर आहे. मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही.

६ जानेवारी
प्रभातफेरीसाठी उजाडल्यावर निघालो, तर रस्ते झाडून झालेले. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची म्हातारी माणसं पहाटेच खराटे घेऊन निघाली होती आणि आता त्यांची रामधून चालली होती. आम्ही त्यांच्या मागे चालू लागलो.

रासेयो सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ला, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत. तुकडोजी महाराज त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर १९६८मध्ये गेले. त्यांच्या ग्रामगीतेचे ४१ अध्याय त्याआधीच या भागात घरोघरी पोचले होते. म्हणजे श्रमदान इकडे योजनेतून आलेलं नाही, ते आधीपासून होतं. याच जिल्ह्यात मूल तालुक्यात सोमनाथला बाबा आमट्यांनी तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली. १५ ते २२ मे, ऐन उन्हाळ्यात, बाहेरगावची मुलं तिथे घाम गाळायला येतात. बाहेरच्या मुलांसाठी ती फार मोठी गोष्ट आहे. इथल्या मुलांचा प्रश्न वेगळा.

रामधून संपल्यावर मंडळाचे एक आजोबा म्हणाले, "रस्ते तं आमी झाडूनच घेतो, मॅडम. पोराइले लिवता येते ना? मंग आमचं लिवून द्या म्हणा."

७ जानेवारी
आजोबांना काय लिहून हवं होतं ते आज कळलं. गावाला सामूहिक वनहक्काचा दावा करायचा आहे. वनहक्क समिती आहे, ग्रामसभेचा ठराव आहे, कागद मात्र अर्धवट पडले आहेत.

बौद्धिक सत्रात ठरलेला विषय बाजूला ठेवला आणि २००६चा वनहक्क कायदा फळ्यावर घेतला. आदिवासी कुटुंबाचा ताबा १३ डिसेंबर २००५च्या आधीचा असावा लागतो. जे आदिवासी नाहीत त्यांना त्या तारखेच्या मागे तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, इथे राहून जंगलावर जगल्याचं दाखवावं लागतं. या गावात गोंड आहेत, माना आहेत, तशीच बौद्ध आणि ढिवर घरंही आहेत. ७५ वर्षं मागे म्हणजे १९३०. तेव्हाचा कागद ढिवराच्या घरात कुठून असणार?

पण नियमांत एक वाट ठेवलेली आहे. दावेदार सोडून गावातल्या इतर ज्येष्ठांनी सांगितलेलं लिहून काढलं, तर तो पुरावा धरला जातो. जुन्या विहिरी, स्मशानं, देवस्थानं हेही पुरावे. जुन्या चांदा जिल्ह्याचं निस्तार पत्रक असेल तर उत्तमच, त्यात गावकऱ्यांनी जंगलातून काय घ्यायचं ते नोंदलेलं असतं. एकच पुरावा पुरत नाही, किमान दोन लागतात. हे फळ्यावर लिहिताना मागच्या बाकावरचा एक मुलगा ताठ बसला. एरवी तो माझ्या तासाला खिडकीबाहेर बघत असतो. त्याने विचारलं, "मॅडम, मंग माह्या आज्याचं बोलनं कागदावर चालते?" चालतं, म्हटलं.

८ जानेवारी
दिवसभर जबाब. दोघादोघांची जोडी केली: एक विचारणार, एक लिहिणार. सांगणारा बोलतो तसंच लिहायचं, पुस्तकी करायचं नाही. लिहून झालं की सगळं मोठ्याने वाचून दाखवायचं, सांगणाऱ्याने होय म्हटल्यावरच सही किंवा अंगठा.

सालं कुणालाच सांगता येत नव्हती. मग मुलींनी फळ्यावर गावाचं कॅलेंडर मांडलं. मालगुजारी १९५१ला गेली. वर्धा नदीपलीकडे निजामाचं राज्य होतं आणि रजाकारांच्या भीतीने तिकडची माणसं इकडे आली, ते १९४८. चांद्याचं नाव चंद्रपूर झालं १९६४ला. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला १९८२ला. एका आजींनी "माहा जलम रजाकाराच्या वर्साचा" असं सांगितलं आणि त्यांच्या सासऱ्यांनी मालगुजाराकडे वेठ केल्याचं सांगितलं, की मुली लगेच वजाबाकी करू लागायच्या. सासरे त्या वेळी किती वर्षांचे? लग्न झालेलं होतं का? असं मागे जात जात १९३०च्या आसपास पोचता येतं. गणिताच्या तासाला ज्यांना उदाहरण सुटत नाही त्यांनी आज ही उदाहरणं सोडवली.

मोहाच्या झाडांची गोष्ट सगळ्यांच्याच जबाबात आली. कुठलं झाड कुठल्या घराचं, हे गावात ठरलेलं आहे. कागदावर ते जंगल खात्याचं झाड. पण त्याखालची फुलं कोण वेचणार यावरून इथे भांडण होत नाही, कारण आजोबांच्या आजोबांपासून ते माहीत आहे. पुरावा म्हणून याहून पक्कं काय असतं, मला सांगता येणार नाही.

काल ताठ बसलेल्या मुलाच्या जोडीने एका म्हाताऱ्या ढिवराचा जबाब घेतला. नाल्यातला कोणता डोह कुणाचा, जाळं कुठे टाकायचं, कोणत्या महिन्यात मासे धरायचे नाहीत. चार पानं भरली. अक्षर वाईट आहे, शुद्धलेखन त्याहून वाईट. मी एकही काना-मात्रा बदलली नाही.

९ जानेवारी
सकाळी नाल्यावर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत रेती भरून वनराई बंधारा. गावातली माणसं बरोबरीने आली, दुपारपर्यंत पाणी अडलं. जेवणात पोपटाच्या शेंगांची भाजी, जवसाची चटणी, भात. दुपारनंतर राहिलेले जबाब.

१० जानेवारी
पाचगावला जाऊन आलो. तालुक्यातलंच गाव, तरी मुलांपैकी फार थोड्यांनी पाहिलं होतं. २०१२ साली या गावाला सुमारे हजार हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. गावाने जंगलाचे नियम स्वतः बसून ठरवले. बांबू ग्रामसभा तोडते आणि ग्रामसभाच विकते. त्याहून मोठा निर्णय तेंदूचा. पानं चांगली फुटावी म्हणून झुडपं छाटतात, कुठे आग लावतात, ती आग जंगलात पसरते, आणि पानाची शेवटी विडी होते. म्हणून पाचगावने तेंदू तोडणंच बंद केलं.

परतताना गाडीत वाद पेटला. आमच्या एका विद्यार्थिनीच्या घरी मे महिन्यात तेंदूपत्त्याचेच पैसे येतात, तिची पुस्तकंही त्यातूनच. ती चिडून म्हणाली, "आमी बंद केलं तं खाऊ काय?" कुणी म्हणालं, त्यांच्याकडे बांबू आहे. ती म्हणाली, "तेच तं. पहिले हक्क पाहिजे, मंग नियम." गाडीत कुणाला यावर बोलता आलं नाही. माझ्या मते तिने कायद्याचं मर्म नेमकं पकडलं. जंगलावर हक्क कुणाचा हे ठरल्याशिवाय गावाला जंगल राखा म्हणून सांगण्यात अर्थ नाही, आणि हे आमच्या वर्गातली मुलगी आता कुणालाही ठणकावून सांगू शकते.

११ जानेवारी
रात्री ग्रामसभा. बायका मोठ्या संख्येने आल्या, वनहक्काच्या ठरावाला ते लागतंच. मुलांनी जबाब एकेक करून वाचले. मधेच रजाकाराच्या वर्षाच्या आजी उठल्या. सासऱ्यांचं लिहिलं, सासूचं कुठे आहे? मोहफूल तर सासूच वेचायची, वाट तिनेच दाखवली. बसलेल्या बायकांनी मान डोलावली. लिहिणारी मुलगी तिथेच खाली बसली, नवा परिच्छेद लिहिला, वाचून दाखवला, आजींनी अंगठा दिला. त्यानंतर आणखी तिघींनी आपापले जबाब पुन्हा उघडायला लावले. सभा उशिरापर्यंत चालली.

१२ जानेवारी
राष्ट्रीय युवा दिन. विवेकानंदांच्या प्रतिमेला हार, समारोप, पाहुण्यांची भाषणं.

कामाची यादी: तहसीलमधून निस्तार पत्रकाची नक्कल काढायची. नकाशावर देवाची जागा, जुनी विहीर, डोह दाखवायचे आहेत, त्यासाठी समितीची माणसं मुलांना घेऊन शिवार फिरणार. तिघींचे सुधारलेले जबाब नीट उतरवायचे. शेजारच्या गावातल्या दोन मुली दर रविवारी दिवसाउजेडी येऊन हे करायला तयार आहेत, त्यांचे भाऊ सोबत असतील.

रासेयोत दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात. मुलींनी विचारलं, रविवारचे तास वहीत मांडायचे का? मांडा म्हणून सांगितलं, आणि कामाच्या रकान्यात काय लिहायचं तेही: "ज्येष्ठांचे जबाब, ग्रामसभेच्या मागणीवरून."