दगडी हत्तीभोवती एक चक्कर

मुलांनो, माझं आजोळ बीड जिल्ह्यातलं केज. तिथला आमचा जुना माळवदाचा वाडा पडला आणि त्याचा एकच फोटो उरला. त्यात दारासमोर सगळे ओळीनं उभे! भाचीनं विचारलं, "मामा, आतला चौक केवढा होता?" मला काही सांगता येईना.

म्हणून सुट्टीत आम्ही ठरवलं, जे अजून उभं आहे त्याची तरी मापं घेऊ या. केजहून एसटीनं तासाभरात अंबाजोगाई. तिथल्या हत्तीखाना लेण्यात मोकळ्या अंगणात दगडाचे मोठाले हत्ती कोरलेत. शेकडो वर्षं ऊनपाऊस झेलत उभे!

परवानगी विचारून भाचीनं मोबाइल काढला. एकाच जागी उभं राहून, इकडेतिकडे वळत धडाधड वीस फोटो! संध्याकाळी ते संगणकात घातले. पण हत्ती काही उभा राहीना. का बरं?

एक गंमत करून बघा. नाकासमोर बोट धरा. आधी डावा डोळा मिटा, मग तो उघडून उजवा. बोट सरकल्यासारखं दिसलं ना? लांबची भिंत मात्र फारशी हलत नाही. दोन डोळे दोन जागांवरून बघतात, म्हणून जवळ-लांब कळतं. संगणकही तसंच करतो. वेगवेगळ्या जागांवरून काढलेल्या फोटोंत हत्तीचा डोळा किती सरकला, यावरून तो किती लांब आहे ते काढतो. असे लाखो ठिपके जुळले, की हत्ती तयार! याला फोटोग्रामेट्री म्हणतात.

जर्मनीच्या आल्ब्रेश्ट मायडेनबावरला ही कल्पना सुचली ती १८५८ मध्ये. एका चर्चची मापं घेताना तो उंचावरून पडता पडता वाचला. मग वाटलं, फोटोवरूनच मापं घेतली तर? पुढं अफगाणिस्तानातल्या बामियानच्या बुद्धमूर्ती २००१ मध्ये फोडल्या गेल्या. पण १९७० साली काढलेल्या फोटोंवरून झुरिकच्या शास्त्रज्ञांनी मोठी मूर्ती संगणकावर पुन्हा उभी केली. आपल्याकडे 'स्वामित्व' योजनेत २०२० पासून ड्रोननं गावठाणाचे नकाशे केले, तेही याच रीतीनं. आधी घरांच्या हद्दीवर चुन्याच्या रेषा मारायच्या, मग वरून फोटो.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. आता भाची हत्तीभोवती फिरली. एक पाऊल, एक फोटो. प्रत्येकात आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग. शेजारी फूटपट्टीही ठेवली. नुसत्या फोटोंवरून हत्ती बोटाएवढा की घराएवढा, हे संगणकाला कुठून कळणार?

या वेळी पडद्यावर हत्ती गरगर फिरला! फक्त पोटाखाली भलंमोठं भोक. तिथला फोटो काढायचाच राहिला होता.

भाची म्हणाली, "मामा, वाड्याचे असे फोटो असते तर?"

तुमच्या गावातली वेस, गढी, बारव अजून उभी आहे ना? मग एक चक्कर मारून याच. बारवेत मात्र मोठ्या माणसाशिवाय उतरायचं नाही हं!