पिसवा आणि भूतयज्ञ

घरात पिसवा झाल्या, ही गोष्ट कोणी चारचौघांत बोलून दाखवीत नाही. ढेकणांचा दोष प्रवासावर टाकता येतो, डासांचा दोष अवघ्या गावावर जातो. पण पिसवा म्हटल्या की घरच्या स्वच्छतेलाच बोल लागतो. तो बोल आपल्यावर येऊ नये म्हणून मग एखादा मुका आरोपी शोधावा लागतो, आणि तो बहुधा दारातच शेपटी हालवीत बसलेला असतो.

फोंडा तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित घरी असा प्रसंग आला तो चवथीच्या तोंडावर. पोटापाण्यासाठी आम्ही मंडळी दूरदूर पांगलेलो. घर उघडायचे ते माघातल्या जत्रेला आणि चवथीला. एरवी भैरू नावाचा म्हातारा कुत्रा आणि दोन मांजरे पडवीत राहून घर राखतात, व शेजारच्या वहिनी त्यांना जेवू घालतात. त्या वर्षी पाऊस फार, म्हणून आषाढातच त्यांनी तिन्ही जनावरे आपल्या गोठ्यात नेली होती. दोन महिन्यांनी आम्ही पडवीत पाऊल टाकले मात्र, घोट्यापासून पोटऱ्यांपर्यंत पिसवांनी झोड उठविली. तेवढ्यात आमचा आवाज ओळखून भैरू धावत आला, आणि सर्वांच्या नजरा त्याच्यावर खिळल्या. थोरल्या काकी म्हणाल्या, “देव घरात यायच्या आधी ते सुणें नदीपलीकडे सोडून या.” पुतण्यांनी गोणपाटही शोधले.

काकींचे भय अगदीच निराधार होते असे नव्हे. १८९६ साली मुंबईत प्लेगाने जो हाहाकार उडविला त्याच्या गोष्टी त्यांनी आपल्या सासूबाईंकडून ऐकल्या होत्या. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमोंद या फ्रेंच वैद्याने उंदरावरची पिसू हा रोग पसरविते असे दाखवून दिले. त्याचे म्हणणे मान्य व्हायला पुढे काही वर्षे लागली. परंतु ती मुख्यतः उंदरांवर राहणारी पिसू. कुत्र्यामांजरांच्या अंगावर बहुधा आढळते ती निराळ्या जातीची.

शिवाय एक प्रश्न उरतच होता. जनावरे दोन महिने घरात नव्हती. मग पिसवा तेथे आल्या कोठून? पशुवैद्यांनी त्याचा उलगडा केला. पिसू रक्त पिते जनावराच्या अंगावर, पण तिचा संसार असतो जमिनीवर. एक मादी दिवसाला चाळीस-पन्नासपर्यंत अंडी घालते. ती केसांना चिकटून राहत नाहीत. जनावर जेथे झोपते तेथे गळून पडतात. त्यांतून निघालेल्या अळ्या उजेड टाळून फटींत, चटईखाली शिरतात आणि मोठ्या पिसवांच्या विष्ठेतील वाळलेल्या रक्तावर वाढतात. पुढे त्या कोश विणतात. कोशाला धूळ चिकटल्याने तो दिसत नाही, आणि कीटकनाशकही त्यात सहसा पोहोचत नाही. आतली पिसू काही महिने वाट पाहू शकते; पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वास यांची चाहूल लागली की बाहेर पडते. म्हणजे आमच्याच पावलांनी त्यांना जाग आली होती! घरातल्या एकूण पिसवांपैकी, अंडी-अळ्या-कोश धरून, शंभरांत सुमारे पाचच जनावराच्या अंगावर असतात. भैरूला नदीपलीकडे सोडले असते तरी उरलेल्या पंचाण्णव आमच्याकडेच राहिल्या असत्या, आणि जनावर न मिळाल्याने त्यांनी आम्हांलाच फोडून काढले असते.

हे ऐकल्यावर काकींनी दुसरी शंका काढली. चवथीच्या दिवसांत एवढी जीवहत्या करावी काय? या शंकेचे उत्तर आपल्या स्मृतिकारांनीच देऊन ठेविले आहे. चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा ही गृहस्थाच्या घरची पाच हिंसास्थाने, असे ते सांगतात. ही हिंसा टळत नाही, म्हणून तिच्या परिहारार्थ पंचमहायज्ञ सांगितले. त्यांतला एक भूतयज्ञ; त्यात कुत्र्याचा आणि कावळ्याचा वाटा काढून ठेवावयाचा. म्हणजे केरसुणीचे पाप ज्यांनी ओळखले त्यांनीच श्वानाचा घास नेमून दिला. केर काढणे सोडून श्वानालाच हाकलणे म्हणजे दोन्ही धर्मांना मुकणे. दत्तगुरूंच्या तसबिरीतील चार श्वान आम्ही काकींना दाखविले, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी केरसुणी हाती घेतली.

पुढचे काम कष्टाचे, पण साधे होते. पशुवैद्यांनी वजन पाहून भैरूला गोळी दिली आणि मांजरांच्या मानेवर टाकावयास निराळे औषध दिले. एकाच वेळी तिघांनाही औषध द्यावयाचे, एकालाही वगळावयाचे नाही. कुत्र्यांच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असते. ते मांजराला प्राणघातक ठरू शकते, तेव्हा एकाचे औषध दुसऱ्यास कधीही लावू नये. जनावरांना घासलेट चोळण्याची जुनी रीतही घातक आहे. बारीक दातांच्या फणीने केस विंचरून निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडविल्या. फणीला लागलेले काळे कण ओल्या पांढऱ्या फडक्यावर तांबूस उतरले, की ती पिसवांचीच विष्ठा समजावी. जुनी गोणपाटे जाळली, अंथरुणे कढत पाण्यात धुऊन उन्हे पडतील तेव्हा वाळविली. पडवीचा कोपरान् कोपरा दिवसातून दोनदा झाडला आणि केर अंगणात न टाकता लगेच जाळला.

चार दिवसांनी गणपती आले तेव्हा उपद्रव पुष्कळ उतरला होता, संपला मात्र नव्हता. कोशांतल्या पिसवा पुढेही काही आठवडे निघत राहतात. म्हणून औषध निदान तीन महिने चालू ठेवावे लागते. ते वहिनींनी नेमाने चालविले.

ज्यांची घरे आमच्यासारखी सणापुरतीच उघडतात त्यांनी एवढे करावे: कुलूप लावण्यापूर्वी जनावरांच्या झोपण्याची जागा झाडून-धुऊन घ्यावी, मागे गोणपाट ठेवू नये, आणि सणापूर्वी काही दिवस आधी कोणीतरी येऊन घर झाडावे. आश्रयास आलेल्या मुक्या जिवाला दार दाखविण्यापूर्वी एकदा चटई उचलून पाहावी.