जिमीला दुसरा चान्स

खरं सांगू? जिमी स्मिथला मी पार निकालात काढलं होतं. हॅमंड ऑर्गनचा बादशहा म्हणे! आणि माझ्या हाती पहिल्यांदा लागली ती १९७७ची ‘सिट ऑन इट!’. झगमगीत, डिस्कोच्या मागे धावणारी. दोन ट्रॅक ऐकले आणि बस्स!

मग ड्रम्स वाजवणाऱ्या एका मित्राने माझ्या कानांवर हेडफोन चढवला. ‘ग्रूव्हिन अ‍ॅट स्मॉल्स पॅराडाइज’. नोव्हेंबर १९५७, हार्लेममधला क्लब, लाइव्ह. ऑर्गन, गिटार, ड्रम्स. तिघंच.

‘‘बेसवाला कुठाय?’’

‘‘जिमीच्या डाव्या हातात आणि पायांत! याच्यासोबत स्टेजवर बसायचं म्हणजे ड्रमवाल्याचा कान सतत तिकडेच हवा.’’

पुन्हा ऐकलं. जिमी उधळतो, पण ड्रम्सवरचा डोनाल्ड बेली त्याला सोडत नाही. तो कान देऊन वाजवतोय, हे चक्क ऐकू येतं.

मी फ्रीलान्सर. घरभाड्यासाठी काय काय लिहिलंय, माझं मलाच ठाऊक. उद्या कुणी नेमका त्यातलाच एखादा लेख वाचून मला निकालात काढलं तर?

म्हणून हल्ली कुणाचंही एकच काम ऐकून मी उठत नाही. दुसरं मागतेच.