वार गेला, नऊवारी राहिली

मुंबईच्या मंगळदास मार्केटात शिरले की कोऱ्या कापडाचा खळीचा वास येतो आणि मला जुना वार आठवतो. वार म्हणजे ३६ इंचांची ती लोखंडी पट्टी! वापरून वापरून कशी लखलखीत झालेली! गादीवर बसलेला दुकानदार तागा फडकन् उलगडी, पट्टीवरून कापड सरसर सरकवी, कात्रीने जरासा छेद देई आणि टर्रकन् फाडी.

आईचे लक्ष मात्र त्याच्या अंगठ्यावर. ताणून मोजलेले कापड दुकानात पुरे भरते आणि घरी आखूड निघते, हे तिला पक्के ठाऊक. "शेठ, जरा सैल धरा!" ती म्हणे. मग कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत स्वतःचा हात लावून पाही. दोन हात म्हणजे एक वार. शिवाय मांजरपाट धुतल्यावर आटणार, म्हणून पाव वार जास्तच घ्यायचे. एका पगारात चार भावंडांची दिवाळी बसवायची, तर बोटभर कापड तरी कसे सोडावे?

१९५६ च्या कायद्याने मीटर आणला आणि पुढे वाराची पट्टी दुकानांतून उठली. मीटर ३९.३७ इंचांचा. "बाई, तीन इंच जास्त मिळतात," शेठ म्हणाले.

"अन् भाव?" आईने विचारले. शेठ नुसते हसले.

आता कापड मीटरनेच मिळते. पण नऊवारीला 'सव्वाआठ मीटरची साडी' म्हणून मागून पाहा बरे! दुकानदार तुमच्या तोंडाकडेच बघत राहील.