मूलची पाळ आणि मालवणची नळी

चंद्रपूरहून मूलकडे निघाले की लोहारा मागे पडताच दोन्ही बाजूंनी जंगल सुरू होते. साग, मोह आणि बांबूच्या सावलीतून रस्ता चिचपल्लीवरून पुढे जातो. सुमारे ४५ किलोमीटरची ही वाट. दिवस मावळल्यावर वाघ आडवा गेला तर इथल्या माणसाला त्याचे फारसे नवल वाटत नाही. मग जंगल जरा मागे सरते, धानाच्या बांध्या दिसू लागतात आणि भाताच्या गिरण्या नजरेस पडल्या की मूल आले म्हणून समजावे. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी रेल्वेही याच गावावरून जाते. स्टेशनचे नाव मूल मरोडा.

हा मुलूख तलावांचा. गोंड राजांच्या काळापासून इथल्या लोकांनी उताराची जमीन हेरून मातीच्या पाळी घातल्या आणि पावसाचे पाणी अडवले. पुढे हे तलाव मालगुजारांकडे आले. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तेव्हापासून त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात, आणि लोकांच्या तोंडी ते झाले ‘मामा तलाव’. या तलावांत एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. पाळ कितीही भक्कम असो, तिच्या एका अंगाला सांडवा ठेवलेलाच असतो. ज्याने पाळ घातली त्याने एखाद्या वर्षी पाणी मावणार नाही हे आधीच धरले होते. सांडवा नसता तर पाणी पाळीवरून गेले असते आणि पाळीसकट खालची शेतेही वाहून गेली असती.

आज मूलच्या शेतात पाण्याच्या जोडीला दुसऱ्याही दाबाच्या गोष्टी आल्या आहेत. रोवणीला चिखलणी करणारा ट्रॅक्टर, धानावर औषध मारणारा पंप, कापणीला येणारा हार्वेस्टर आणि बोअर मारणारी गाडी, या सगळ्यांचे काम रबरी नळ्यांवर चालते. पाठीवरच्या फवारणी पंपात दर चौरस सेंटिमीटरला तीन-चार किलो दाब असतो. इंजिनावरच्या फवारणी पंपात तो २० ते ४० किलोपर्यंत जातो. ट्रॉली उलटवणाऱ्या जॅकच्या नळीत तेलाचा दाब दीडशे-दोनशे किलोही होतो. म्हणजे नखाएवढ्या जागेवर धानाची दोन-तीन पोती उभी!

मूलच्या एका मिस्त्रीकडे अशीच एक नळी कापून ठेवलेली पाहिली. आत गुळगुळीत अस्तर, त्यावर पोलादी तारांची वीण आणि वरून रबराचे आवरण. आम्ही बोट लावून पाहू लागताच मिस्त्री म्हणाला, ‘‘भाऊ, ही कापलेली आहे म्हणून हात लावा. चालू ट्रॅक्टरच्या नळीला कधी लावू नका. वरून चांगली दिसते, पण खराबी आतून सुरू होते.’’

हे वाक्य डोक्यात असतानाच मूल भागातील काही शेतकरी कुटुंबांबरोबर मालवणला जाण्याचा योग आला. धान घरात आले होते आणि हाताला थोडी उसंत होती. नागपूर, मुंबई आणि पुढे कोकण रेल्वेने कुडाळ, तेथून सुमारे तीस किलोमीटर एस. टी.ने मालवण. ज्यांनी जन्मात तलावापलीकडे पाणी पाहिले नव्हते, त्या मंडळींनी समुद्र पाहिला आणि काही वेळ कोणी बोललेच नाही. समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये त्याचे काम सुरू केले. किल्ल्याभोवतीचे पाणी स्वच्छ असले की तळचे खडक, पोवळी आणि रंगीत मासे दिसतात. या भागाला १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित केले गेले. जवळच्या तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाची पाण्याखाली पोहण्याचे शिक्षण देणारी संस्था आहे. पावसाळा सोडून बाकीच्या दिवसांत हौशी लोक पाठीवर हवेची टाकी बांधून येथे बुडी मारतात. यालाच स्कूबा म्हणतात.

आमच्यातील दोन तरुण बुडी मारायला तयार झाले. आईबापांच्या जिवात जीव नव्हता. ‘‘एवढ्याशा नळीवर पोराचा श्वास!’’ असे एक माऊली म्हणाली. होडीवरच्या प्रशिक्षक पोराने ते ऐकले आणि हसून म्हणाला, ‘‘काकी, घाबरूचा नाय. आधी नळी दाखवतो, मग पोरांना पाण्यात नेतो.’’ त्याने जे दाखवले ते प्रत्येक शेतकऱ्याने ऐकण्यासारखे आहे.

टाकीत साधी हवाच असते, पण ती दोनशे बारपर्यंत दाबून भरलेली असते. बार म्हणजे जवळजवळ दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. हा दाब माणसाला सोसणार नाही. म्हणून टाकीच्या तोंडावर एक झडप बसवतात. ती दाब आठ-दहा बारपर्यंत उतरवते. तेथून एक नळी तोंडाकडे जाते. तोंडाजवळ दुसरी झडप असते आणि ती श्वास ओढला तेवढीच हवा सोडते. ही युक्ती फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां या दोघांनी १९४३ मध्ये साधली आणि तेव्हापासून माणूस पाण्याखाली मोकळा फिरू लागला.

या नळ्यांखेरीज आणखी एक बारीक नळी असते. ती टाकीतला पुरा दाब घेऊन घड्याळासारख्या मापकाकडे जाते, म्हणजे किती हवा उरली ते कळावे. हीच उच्च दाबाची नळी. नाव ऐकून आपल्याला वाटते की सर्वांत मोठा धोका हिचाच. पण ही फुटली तर हवा हळूहळू जाते आणि वर येण्यास वेळ मिळतो. याचे कारण असे की टाकीकडच्या टोकाला तिचे भोक सुईच्या अग्राएवढेच ठेवलेले असते. मापकाला दाब कळला की पुरे, तिथे हवा वाहावी लागत नाही. याउलट तोंडाकडे जाणाऱ्या कमी दाबाच्या नळीचे भोक मोठे ठेवावेच लागते, कारण तिच्यातून पुरा श्वास जायचा असतो. ती फुटली तर भरलेली टाकी दोन-चार मिनिटांत रिकामी होऊ शकते. म्हणून शहाणा बुडीवाला एकटा उतरत नाही आणि सोबत श्वासाचे दुसरे तोंड ठेवतो.

हे ऐकताना आम्हांस मामा तलावाचा सांडवा आठवला. नळी कधीतरी फुटेल हे धरूनच ते बारीक भोक ठेवले आहे. नळी फुटणारच नाही असा भरवसा ठेवणारा माणूस म्हणजे सांडव्यावाचून पाळ घालणारा.

मग त्या पोराने नळीची टोके दाखवली. नळी बहुधा मधे फुटत नाही, जोडापाशी फुटते, कारण वाक तिथेच पडतो. जोडावर रबरी टोपण असते. त्याने वाक कमी होतो, पण त्याच्याखाली खारे पाणी साचते, गंज चढतो आणि तो दिसत नाही. म्हणून टोपण सरकवून आत पाहावे लागते. चीर, फुगवटा, घासलेली जागा किंवा हिरवट गंज दिसला की नळी बाद. दहाएक वर्षांपूर्वी डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या जागतिक संस्थेने आणखी एक इशारा दिला. बाहेरून धाग्याची वीण असलेल्या काही नळ्यांचे आतील अस्तर उष्ण आणि दमट हवेत खराब होत होते. बाहेरून नळी नवीसारखी दिसे, पण आत कण साचून हवेची वाट अडे. कोकण तर उष्ण आणि दमटच. म्हणून नळी फुटण्याची वाट न पाहता तिच्यावर छापलेली तारीख पाहून ती बदलतात. साधारण पाच वर्षे हे तिचे आयुष्य धरतात.

दोघे तरुण खाली जाऊन सुखरूप वर आले. पाण्यात त्यांना दोनच गोष्टी बजावल्या होत्या: श्वास रोखायचा नाही आणि घाईने वर यायचे नाही. मात्र नळी चांगली म्हणजे सगळे चांगले असेही नाही. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला बुडीहून परतणाऱ्या पर्यटकांची एक बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. तेथे जाणाऱ्याने बोटीत तरंगणारे जाकीट अंगावर बांधल्याशिवाय बसू नये आणि समुद्र खवळलेला असेल तर आग्रह धरू नये.

आपल्यापैकी फार थोडे लोक समुद्राच्या तळाशी जातील, पण दाबाची नळी घरोघरी आहे. म्हणून वाचकहो, चार गोष्टी ध्यानी ठेवाव्यात.

ट्रॅक्टरच्या नळीतून तेल गळत असेल तर हाताने चाचपून पाहू नये. बारीक भोकातून सुटलेली तेलाची धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि आधी फारशी दुखतही नाही, पण पुढे बोट किंवा हात कापण्याची पाळी येते. गळती पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधावी. तेल आत गेलेच तर त्याच तासाला मोठे रुग्णालय गाठावे आणि ‘दाबाचे तेल आत गेले’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

उचललेल्या ट्रॉलीखाली भक्कम टेका लावल्याशिवाय शिरू नये. नळी फुटली की ट्रॉली क्षणात खाली येते. तो टेका म्हणजेच तेथला सांडवा.

फवारणी पंपाची नळी जोडापाशी रोज पाहावी. तार गुंडाळून किंवा चिंधी बांधून काम भागवू नये. फुटली तर औषध डोळ्यांत आणि तोंडात जाते. हंगाम संपल्यावर नळी धुऊन, मोठे वेटोळे करून सावलीत ठेवावी.

चौथी गोष्ट चुलीजवळची आहे. गॅसच्या शेगडीच्या नळीत दाब अगदी थोडा असतो, पण तिच्यातून जातो तो जळणारा वायू. तेथे प्रमाणित ‘सुरक्षा’ नळीच वापरावी आणि तिच्यावरील साल पाहून पाच वर्षांनी ती बदलावी. नव्या नळीला खर्च येतो हे खरे, पण तो दवाखान्याच्या एका फेरीहूनही कमी असतो.