सात टक्क्यांचा हिशेब

व्यापारी घराण्यांतील जुनी शिकवण अशी, की गल्ला आणि वही यांचा मेळ बसल्याशिवाय दुकान वाढवू नये. फरक रुपयाचा असो वा पैशाचा, तो शोधलाच पाहिजे. जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात फ्रायबर्ग नावाचे एक खाणगाव आहे. तेथील एका विद्यापीठाची थोरवी याच शिकवणीच्या आधारे उत्तम समजते.

फ्रायबर्गला 1168 च्या सुमारास चांदी सापडली आणि पुढे कित्येक शतके सॅक्सनीचे वैभव त्या चांदीवर उभे राहिले. परंतु सात वर्षांच्या युद्धाने 1763 पर्यंत राज्य कर्जात बुडाले. अशा वेळी सामान्यतः खर्चाला कात्री लावली जाते, आणि पहिली कात्री विद्येवर चालते. सॅक्सनीने उलट केले. 1765 मध्ये फ्रायबर्ग येथे खनिशास्त्राची अकादमी स्थापन झाली. भांडवल संपत आले असता ते ज्ञानात गुंतवण्याचे धैर्य तेथे दिसले.

तेथील शिक्षणाची रीत लक्षात घेण्याजोगी होती. 1791 मध्ये तेथे दाखल झालेला तरुण अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट सकाळी खाणीत उतरे आणि दुपारनंतर वर्गात बसे. पेढीवर बसल्याविना व्यापार कळत नाही, तसेच दगडाला हात लावल्याविना खनिजशास्त्र कळत नाही, हे तेथील गुरुजन जाणून होते. पुढे सरकारी खाणअधिकारी झालेल्या हुम्बोल्टने 1793 मध्ये श्टेबेन या गावी खाणकामगारांसाठी मोफत शाळा काढली आणि आरंभी तिचा खर्च स्वतःच्या खिशातून केला. मिळालेली विद्या त्याने आपल्यापाशी अडवून ठेवली नाही.

आता त्या फरकाची गोष्ट. 1885 मध्ये फ्रायबर्गजवळील खाणीत चांदीचे एक नवे खनिज सापडले. त्याच अकादमीचे विद्यार्थी असलेले आणि तेथेच रसायनशास्त्राचे प्राध्यापक झालेले क्लेमेन्स विंकलर यांनी त्याचे पृथक्करण केले. चांदी, गंधक आणि इतर घटक मोजून बेरीज केली, तर ती 93 टक्क्यांच्या आसपासच येई. पुन्हा मोजले, तरी सुमारे सात टक्के गायबच. ‘किरकोळ चूक’ म्हणून ते खाते बंद करता आले असते. विंकलर यांनी ते उघडेच ठेवले. कित्येक आठवड्यांच्या परिश्रमानंतर, फेब्रुवारी 1886 मध्ये, त्या सात टक्क्यांतून एक नवे मूलद्रव्य हाती आले. त्याला जर्मेनियम हे नाव मिळाले. मेंडेलीव्ह यांनी 1871 मध्येच अशा मूलद्रव्याचे भाकीत केले होते. 1947 मध्ये अमेरिकेत पहिला ट्रान्झिस्टर बनला, तो याच जर्मेनियमचा.

दरम्यान काळ पालटला. जर्मनीने सुवर्णचलन स्वीकारल्यावर चांदीचे भाव कोसळले आणि विसाव्या शतकात फ्रायबर्गच्या चांदीच्या खाणी एकामागून एक बंद पडल्या. ज्या चांदीसाठी अकादमी काढली, ती चांदी गेली. अकादमी मात्र तांत्रिक विद्यापीठ होऊन आजही नांदते आहे. तेथील एका जुन्या खाणीत विद्यार्थी आजही शिकण्यासाठी उतरतात.

मुलाबाळांच्या शिक्षणाचा विचार करताना किती पगार, कोणता देश, हे प्रश्न घरोघरी विचारले जातात, आणि ते गैर नाहीत. त्यांच्यासोबत आणखी एक प्रश्न विचारावा: हे शिक्षण मुलाला न जुळणारी बेरीज पुन्हा मांडून पाहायला शिकवील काय? माल संपतो, भाव उतरतात; ती सवय मात्र पिढ्यान्‌पिढ्या पुरते.